बंदरावरचे पक्षी आणि नोंदीची भाषा

मुंबई बंदराची कविता म्हटली की मराठीच्या विद्यार्थ्याला बा. सी. मर्ढेकरांची माघातल्या पहाटेची कविता आठवते. आपल्या अभ्यासक्रमांत ती अनेकदा आली आहे आणि तिच्यातल्या प्रतिमांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उजळत जाणारे बंदर, साखरझोपेतल्या बोटी, कावड वाहणारे गवळी, यांतल्या प्रत्येकाची दखल समीक्षेने घेतली. त्या कवितेत समुद्रावरचे पक्षीही आहेत. ते नेमके कोणते, हा प्रश्न मात्र वर्गात सहसा कोणी विचारत नाही. विचारलाच, तर तो अवांतर ठरतो.

तो प्रश्न तितका अवांतर नाही. माघ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीचा काळ. या दिवसांत मुंबईच्या बंदरात कुरवांचे थवे असतात. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांवरून येतात, काळ्या डोक्याचे त्याहून उत्तरेकडून. माघात दोघांचीही डोकी बहुधा पांढरीच असतात आणि कानामागे एक काळसर ठिपका तेवढा दिसतो. नावातला रंग डोक्यावर चढू लागतो तोवर परतीचे वेध लागलेले असतात. पाण्यावर उतरून काहीतरी टिपणारे आणि पहाटेच्या उजेडात चमकणारे पक्षी बंदरात त्या वेळी बहुधा हेच. कवीने त्यांची जात सांगितली नाही. सांगण्याची गरजही नव्हती. त्या कवितेचे काम जातीच्या नावाने अधिक चांगले झाले असते असे मला मुळीच वाटत नाही. माझा प्रश्न कवीला नाही, आपल्याला आहे. कवीने नाव गाळले ही निवड असू शकते. वाचकाला ते ठाऊकच नसणे ही निवड नव्हे.

बंदराच्या परिसरातल्या पक्ष्यांची नोंद ठेवणे हे काम आपण निसर्गप्रेमी मंडळींचे मानून बाजूला ठेवले आहे. ते जितके शास्त्राचे आहे तितकेच भाषेचे आहे, असे मला येथे मांडायचे आहे. नोंद हा एक लेखनप्रकार आहे. तिला निवेदक असतो, कालस्थळ असते, पाठभेद असतात, मौनेही असतात. ही सारी आपल्या अभ्यासविषयाची परिभाषा. आणि मुंबई बंदराची ही नोंद आजवर जवळजवळ पूर्णतः इंग्रजीत झाली आहे, हे मराठीच्या अध्यापकांना अस्वस्थ करायला हवे.

प्रथम स्थळ पाहू. मुंबईचे बंदर म्हणजे केवळ गोद्या आणि क्रेन नव्हेत. शहराची पूर्व किनारपट्टी आणि समोरची उरण-न्हावा शेव्याची बाजू यांच्यामध्ये एक मोठी खाडी आहे. ती उत्तरेला ठाण्यापर्यंत निमुळती होत जाते. ओहोटीला तिच्या काठांवर मैल-मैल चिखल उघडा पडतो. शिवडी आणि माहूलचा चिखल तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या चिमण्यांसमोर आहे. पलीकडे 1989 साली सुरू झालेले जवाहरलाल नेहरू बंदर आहे. ठाणे खाडीचा सुमारे 17 चौरस किलोमीटरचा भाग 2015 साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि 2022 साली रामसर यादीत गेला. शिवडी ते न्हावा शेवा जोडणारा सुमारे 22 किलोमीटरचा अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी खुला झाला. म्हणजे देशातल्या अत्यंत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक आणि मध्य आशियातून येणाऱ्या पाखरांचे हिवाळी माहेर, ही दोन्ही एकाच चिखलावर नांदतात. 1990 नंतरच्या दशकात शिवडीला रोहितांचे मोठे थवे येऊ लागले. अलीकडच्या काही हंगामांत खाडीतली त्यांची संख्या लाखाच्या आसपास गेल्याचे अंदाज आहेत. यांतले बहुसंख्य लहान रोहित. शहराच्या सांडपाण्यावर पोसले जाणारे नीलहरित शेवाळ हे त्यांचे खाद्य आहे. ही गोष्ट सुंदर आहे की ओंगळ, हे ठरवण्याची घाई नोंद करत नाही. साहित्याने तिच्याकडून शिकावे अशी ही पहिली गोष्ट.

या बंदराच्या नोंदीला मोठा इतिहास आहे. मुंबईत 1883 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या मंडळींत एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे एक होते. ‘ईएचए’ या आद्याक्षरांनी ते लिहीत. त्यांचा जन्म साताऱ्याचा आणि नोकरी जकात व मीठ खात्यातली. त्यांचे ‘द कॉमन बर्ड्स ऑफ बॉम्बे’ 1900 साली निघाले. जकात खात्यातल्या माणसाने पक्ष्यांवर लिहावे यात मला एक संगती दिसते. मालाची आवक-जावक टिपणाऱ्याला पंखांची आवक-जावकही टिपावीशी वाटली असेल. पुढे सालिम अली आणि हुमायूँ अब्दुलअली यांनी मुंबई व साष्टी बेटांच्या पक्ष्यांची सविस्तर यादी सोसायटीच्या नियतकालिकात 1936 पासून क्रमशः प्रसिद्ध केली. आज कोणत्या जाती घटल्या, कोणत्या नव्याने आल्या, असे विधान करायचे तर अशा जुन्या यादीपर्यंत मागे जावे लागते. जुनी हस्तलिखिते शोधत जाणाऱ्या आपल्या संशोधकांना या ओढीची कल्पना आहे.

आता नोंदीचे अंतरंग पाहू. 2002 साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेच्या पुढाकाराने ‘ई-बर्ड’ हा उपक्रम सुरू झाला. आज भारतातले हजारो निरीक्षक आपल्या याद्या तेथे ठेवतात. यादी सादर करताना एक प्रश्न विचारला जातो: तुम्ही ओळखू शकलात त्या सर्व पक्ष्यांची नावे यात आहेत ना? उत्तर ‘होय’ असेल तर ती यादी पूर्ण मानली जाते. प्रश्न साधा आहे, पण त्यात लेखननीतीचा एक अख्खा धडा आहे. शिवडीच्या धक्क्यावर उभे राहून रोहितांच्या गुलाबी पट्ट्याविषयी लिहिणे सोपे आहे. पूर्ण यादी म्हणते की कावळाही लिहा, घारही लिहा, कारखान्याच्या पत्र्यावर बसलेली पारवी मोजा. ज्याच्याविषयी आपल्याला काही वाटत नाही त्यालाही ओळ द्या. आपल्या ललित निसर्गलेखनाचा दोष नेमका येथे आहे. लेखकाला जे भावले तेवढेच जगात होते असा समज ते करून देते. पूर्ण यादीला आवडनिवड नसते, आणि त्यामुळेच ‘दिसला नाही’ या विधानाला तिच्यात अर्थ येतो. ज्या यादीत कावळा आहे, पारवा आहे, तिच्यात एखादा पक्षी नसेल तर त्याचे नसणे विश्वासार्ह ठरते. निवडक यादीतल्या गैरहजेरीवरून काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट अनिश्चिततेची. लांबवर चिखलात धावणारी करडी पाखरे दुर्बिणीतूनही सारखीच दिसतात. हिवाळ्यात त्यांचे विणीचे रंग उतरलेले असतात, आणि तुतवार, टिलवा, चिखल्या यांची सरमिसळ झालेली असते. अशा वेळी चांगला निरीक्षक नाव ठोकून देत नाही. ‘तुतवार, जात अनिश्चित’ असे लिहितो. या नोंदीला प्रतिष्ठा आहे. ती हार मानली जात नाही. माघातल्या त्या कवितेतले समुद्रपक्षी या अर्थाने अशीच नोंद आहेत: समुद्रावरचा पक्षी, जात अनिश्चित. आपल्या समीक्षेला ‘येथे अर्थ निश्चित करता येत नाही’ असे एका ओळीत लिहून पुढे जाण्याचे धैर्य किती वेळा झाले आहे? बहुतेकदा आपण अनिश्चिततेवरही परिच्छेद रचतो आणि शेवटी ती निश्चित करून टाकतो.

मोजण्याच्या रीतीतही हेच धैर्य आहे. दहा हजार रोहित कोणी एकेक करून मोजत नाही. थव्यातले दहा मोजायचे, तेवढ्या दहांनी किती जागा व्यापली हे नजरेत धरायचे, मग शंभराचा तुकडा, मग तसे तुकडे किती ते पाहायचे. आलेला आकडा अंदाज असतो आणि अंदाज म्हणूनच लिहायचा असतो. त्याच्या टोकाला ‘4,737’ अशी फसवी अचूकता चिकटवली की जाणता वाचक नोंदीविषयी साशंक होतो. अचूकपणा आणि अचूकपणाचा आव यांत फरक असतो, हे विद्यार्थ्याला शैलीविचाराच्या तासाला सांगण्यापेक्षा चिखलासमोर उभे करून सांगणे सोपे आहे.

तिसरी गोष्ट काळाची. येथे मराठी भाषेकडे असे काही आहे जे इंग्रजी तक्त्यात नाही. बंदरातले पक्षी घड्याळावर चालत नाहीत, भरती-ओहोटीवर चालतात. आणि भरती तिथीवर चालते. कोकण किनाऱ्यावर एक हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते आणि तेव्हा भरती दुपारी बाराच्या आसपास येते. म्हणजे अमावास्येच्या सकाळी सहा-सातला शिवडीचा चिखल दूरवर उघडा असतो आणि पाखरे त्यावर पसरलेली असतात. अष्टमीच्या सकाळी त्याच वेळी त्याच जागी पाणी असते. त्या दिवसांत भांग असल्यामुळे पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. आता कोणी ‘सकाळी सात वाजता, पक्षी नाहीत’ एवढेच लिहिले, तर त्या वाक्याचा अर्थ काय लावायचा? पक्षी गेले, की भरती होती? तिथी लिहिली असती तर प्रश्नच उरला नसता. उधाण, भांग, भरती, सुकती हे शब्द कोळ्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत. बंदरावरच्या पक्ष्यांची मराठी नोंद इंग्रजीचे भाषांतर म्हणून करायची नसते. ती काही बाबतींत मुळातच अधिक सांगू शकते.

चौथी गोष्ट निवेदकाच्या स्थानाची. कथनमीमांसेत आपण विचारतो: हे कोण सांगते आहे, कोठून पाहते आहे, त्याला काय दिसू शकत नाही? बंदराच्या नोंदीला हे प्रश्न तंतोतंत लागू पडतात. बंदर हा बंदिस्त प्रदेश असतो. गोद्या, नौदलाच्या जागा, तेलाच्या टाक्या, अणुसंशोधन केंद्राचा किनारा, सगळीकडे पहारे असतात. निरीक्षक उभा राहतो तो जेथे त्याला उभे राहू देतात तेथे. त्यामुळे नकाशावर शिवडीच्या धक्क्याभोवती नोंदींची दाटी होते आणि मोठमोठे पट्टे कोरे राहतात. हे कोरेपण पक्ष्यांचे नसून माणसांचे आहे. नोंद वाचणाऱ्याला हा भेद करता आला पाहिजे, आणि तो करायला शिकवणे हे साहित्याच्या वर्गाचे नेहमीचेच काम आहे. कादंबरीतला निवेदक ज्या खोलीत गेलाच नाही ती खोली रिकामी होती असे आपण म्हणत नाही.

पाचवी गोष्ट पाठभेदाची. ती मला सर्वांत मोलाची वाटते. शिवडीच्या चिखलावर हिवाळ्यात शेकड्यांनी दिसणारा एक लहान चिखल्या आहे. इंग्रजीत त्याला इतकी वर्षे ‘लेसर सँड प्लोवर’ म्हणत आले. अलीकडे, 2022 च्या सुमारास, अभ्यासकांनी त्याच्या दोन स्वतंत्र जाती मानल्या: एक तिबेटी, एक सायबेरियन. या निर्णयाने पूर्वीच्या सगळ्या नोंदी एकाएकी संदिग्ध झाल्या. ज्याने फक्त नाव लिहिले त्याची नोंद आता कोणत्या जातीची हे स्थळावरून अनुमानाने ठरवावे लागते. ज्याने नावाबरोबर एक ओळ वर्णन लिहिले, कपाळ कसे होते, छातीच्या पट्ट्याची कड कशी होती, त्याची नोंद नव्याने वाचता येते. नावे बदलतात, वर्णन टिकते. प्राचीन ग्रंथांच्या पाठचिकित्सेचा अनुभव याहून वेगळा नाही.

याच्या उलट उदाहरण समुद्री बगळ्याचे. कोकणच्या खडकांवर आणि बंदरांच्या धक्क्यांवर तो हमखास दिसतो. त्याची काही पाखरे पांढरी असतात आणि काही पाटीसारखी गडद करडी. जात एकच, वेश दोन. न जाणणारा त्याची दोन नावांनी दोनदा नोंद करतो. आपल्या भाषेतला बगळा मात्र पांढराच आहे. तो पांढरा असल्यामुळेच ढोंगी ठरतो, आणि बकध्यानाची उपमा त्या पांढरेपणावर उभी आहे. ससून डॉकच्या एखाद्या होडीच्या दोरावर बसलेला गडद बगळा या उपमेला जुमानत नाही. उपमा खोटी ठरते असे नव्हे; पण भाषेतला पक्षी आणि चिखलावरचा पक्षी हे दोन वेगळे प्राणी आहेत, हे कळून वापरलेली उपमा आणि न कळता वापरलेली उपमा यांत फरक पडतो.

हे सारे परके, पाश्चात्त्य, विज्ञानाच्या कुळातले आहे आणि आपल्या वाङ्मयीन परंपरेशी त्याचा संबंध नाही, असे कोणी म्हणेल. मला उलट वाटते. मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने आपण मानतो तो ‘लीळाचरित्र’ हा मुळात नोंदींचा ग्रंथ आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी प्रत्यक्ष पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडे जाऊन गोळा केल्या. प्रसंग कोठे घडला, कोण हजर होते, याला तेथे महत्त्व आहे. एकच गोष्ट कोणी निराळी सांगितली तर ते निराळे सांगणेही परंपरेने पाठभेद म्हणून जपले. महानुभावांच्या ‘स्थानपोथी’त तर चक्रधर कोठे राहिले, कोठे बसले, त्या जागांचे वर्णन हाच विषय आहे. साक्षीदार, स्थळ, प्रसंग, मतभेद: पक्षिनिरीक्षकाच्या वहीतही हेच चार खांब असतात. अलंकार मराठीत पुढे आले. आधी होती ती साक्ष.

मग ही परंपरा बंदरावर का पोहोचली नाही? मराठीत निसर्गलेखन झाले नाही असे नाही. मारुती चितमपल्ली यांचे नाव येथे प्रथम घ्यायला हवे. वनाधिकारी म्हणून जे पाहिले ते त्यांनी पुस्तकांत उतरवले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला, संस्कृत आणि आदिवासी बोलींतली नावे लेखणीत आणली. 2006 साली सोलापूरच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, तेव्हा वाङ्मयाने त्यांच्या कामाचा आपल्या परीने स्वीकार केला असे म्हणता येते. 2025 साली ते गेले. त्यांचा प्रदेश मुख्यतः अरण्याचा आणि तळ्यांचा. त्यांच्यानंतरच्या लेखकांनीही बहुधा रानवाटाच धरल्या. निसर्ग म्हणजे शहराबाहेरचा, कारखान्याआधीचा, अशी आपली समजूत आहे. तेलाच्या टाकीखाली चरणारा शेकाट्या त्या समजुतीत बसत नाही. म्हणून तो दिसत असूनही लिहिला जात नाही.

नावांचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात. दोन्ही नावे सुंदर आहेत, आणि दोन्ही ग्रंथांतून आलेली वाटतात. वृत्तपत्रांनी मात्र सरसकट ‘फ्लेमिंगो’ स्वीकारले. पक्ष्यांच्या मराठी नावांचे प्रमाणीकरण करण्याचे प्रयत्न पक्षिमित्रांनी केले आहेत आणि त्यांची गरज आहेच. एकाच नावाखाली चार पक्षी राहिले तर नोंदीला अर्थ उरत नाही. पण प्रमाण नाव ठरले म्हणजे काम संपले असे नव्हे. शिवडी, माहूल, तुर्भे, उरण, करंजा येथल्या कोळी आणि आगरी माणसांच्या तोंडी या पाखरांची जी नावे आहेत, ती कोणी गावागावांतून, सांगणाऱ्याच्या शब्दांत, टिपून ठेवायची? पक्षिशास्त्रज्ञाचे ते मुख्य काम नाही. ते बोलीच्या अभ्यासकाचे आहे. बोलींच्या अभ्यासाला आपल्या विद्यापीठांत प्रतिष्ठा आहे, प्रबंधही होतात. त्या शब्दसंग्रहांत माशांची नावे येतात, जाळ्यांचे प्रकार येतात. पाखरांसाठीही तितकीच जागा करायला हवी.

यात पणाला काय लागले आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. बंदराचा चिखल कागदावर रिकामा दिसतो. त्यावर पीक नाही, घर नाही. जे कागदावर रिकामे ते भरून काढण्याजोगे. उरणच्या पाणजे पाणथळीवरून गेली कित्येक वर्षे वाद चालू आहे, आणि वादाचा गाभा हाच की ही जागा पाणथळ आहे की नाही. अशा वादात थव्याचे देखणे छायाचित्र उपयोगी पडते ते मर्यादितच. ते एका क्षणाचे असते. दहा वर्षांच्या, तारीखवार, पूर्ण याद्या मात्र पुरावा ठरू शकतात. अटल सेतू झाल्यावर पक्ष्यांचे काही बिघडले नाही असे एक बाजू म्हणते, बिघडले असे दुसरी म्हणते. पुलाआधी आणि पुलानंतर, त्याच जागी, त्याच तिथीच्या सुमारास काय होते, हे सांगणारी अखंड नोंद असेल तरच या दोन विधानांत निवड करता येते. नोंद कोणाचीच बाजू घेत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना तिची गरज पडते.

आणि येथे भाषा आडवी येते. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीसाठी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांश मराठीत येतो, पक्ष्यांच्या जातींची परिशिष्टे इंग्रजीतच राहतात. सारांशात ‘स्थलांतरित पक्षी’ या दोन शब्दांपलीकडे फारसे काही मावणे अवघडच. ज्या माणसाचे आयुष्य त्या चिखलासमोर गेले, त्याने सुनावणीत उभे राहून ‘या यादीतला अमुक पक्षी आमच्याकडे आता येत नाही’ असे म्हणायचे, तर त्याला ती यादी त्याच्या भाषेत वाचता आली पाहिजे. नाव नसलेल्या गोष्टीविषयी तक्रार करता येत नाही.

आक्षेप येतील. पहिला, यादी म्हणजे साहित्य नव्हे. मान्य. यादीला साहित्य म्हणा असा आग्रह येथे नाही. दस्तऐवज वाचण्याचीही एक विद्या असते आणि ती साहित्याच्या अभ्यासकाजवळ असते, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म: नाव कळले की विस्मय संपतो. हा अनुभव काहींना येत असेल. मात्र त्याचा दोष नावाकडे जात नाही. सोसायटीने 2022 साली काही रोहितांना उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली, तेव्हा त्यांतल्या पाखरांना ‘सलीम’, ‘हुमायूँ’ अशी नावे दिली. त्या यंत्रांवरून ही पाखरे गुजरातपर्यंत जाताना दिसली. ज्यांनी 1936 साली मुंबईच्या पक्ष्यांची यादी लिहायला घेतली त्यांची नावे पाखरे होऊन खाडी ओलांडून गेली. हे कळल्यावर विस्मय कमी कसा होईल, हे मला समजत नाही. मे 2024 मध्ये घाटकोपरला विमानाच्या धडकेने पस्तीसहून अधिक रोहित एका रात्रीत मेले. ती बातमी वाचताना ‘काही पक्षी’ आणि ‘इतके रोहित’ यांतले अंतर ज्याला जाणवले, त्याला नावाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून एक सूचना करतो. ती खर्चाची नाही. मुंबई, ठाणे, पनवेल, उरण, अलिबाग येथल्या महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपल्याजवळची एक जागा ठरवावी. शक्य तेथे प्राणिशास्त्र विभागाला सोबत घ्यावे, कारण ओळख चुकू नये. आठवड्यातून एकदा अर्धा तास विद्यार्थ्यांनी तेथे उभे राहावे आणि मराठीत नोंद करावी. वहीत दिनांक आणि तिथी असावी, भरती-ओहोटीची अवस्था असावी, उभे राहण्याची जागा असावी. दिसलेली प्रत्येक जात कावळ्यासकट लिहावी, प्रमाण मराठी नावाबरोबर शास्त्रीय नाव द्यावे, संख्या अंदाजे असेल तर तसे म्हणावे. न ओळखलेल्या पाखराला ‘जात अनिश्चित’ म्हणून जागा द्यावी. प्रत्येक नोंदीला एक वाक्य वर्णनाचे असावे, त्यात एकही उपमा नसावी. आणि जवळ कोणी जाळे विणत बसले असेल, तर तो त्या पाखराला काय म्हणतो ते त्याच्या उच्चारासह, गावाच्या नावासह लिहून घ्यावे.

उपमेवरची बंदी कायमची नाही, वर्षभराची आहे. वर्षभर जे दिसले तेवढेच लिहिल्यावर विद्यार्थी पुन्हा कवितेकडे वळेल, तेव्हा माघातल्या त्या पहाटेचे पक्षी त्याला वेगळे दिसतील. ते कुरव होते की सुरय, हे त्याला बहुधा सांगता येईल. सांगता आले नाही, तर का सांगता येत नाही हे सांगता येईल. आणि कवीने तेथे नाव का टाळले असावे, या प्रश्नावर त्याच्याशी प्रथमच खरी चर्चा होऊ शकेल.